लेकरं बोलत नाहीत म्हणे!

आमच्या मुरुमचा एक दोस्त मास्तर झाला. डी.एड., टीईटी करून वर्षानुवर्षं भरतीची वाट बघितली, आता शिक्षणसेवक. तीन वर्षं महिना १६ हजारांवर राबायचं, मग कायम. पहिल्याच दिवसाला कावला. म्हणतो, 'सातवीची पोरं भिंतीगत बघत बसली. अपूर्णांक तीनदा शिकवला, एक तोंड उघडंना. ढोरं हायती साली.'

ढोरं! हा शब्द आपल्या बापजाद्यांनी कमी ऐकलाय काय?

मी गोदीत माल चढवतो-उतरवतो. मुकादम ओरडतो तेव्हा आमची अख्खी टोळी गप असते. अक्कल नसते म्हणून नाही, बोललं की खाडा लागतो म्हणून. सातवीच्या पोरानं सात वर्षांत हाच धडा पक्का केलाय. चुकलं की वर्ग हसतो, मास्तर बापाच्या दारूवर घसरतो. गप बसलं की तास निघून जातो. एल्फिन्स्टन हायस्कुलात बाबासाहेबांना गणित सोडवायला फळ्याकडं बोलावलं, तेव्हा फळ्यामागचे आपापले डबे उचलायला पोरं धावली होती. फळ्यापर्यंतची ती चार पावलं अजून तेवढीच लांब आहेत. डबे तेवढे दिसत नाहीत.

आणि भाषेचं काय? मुरुम कर्नाटकच्या हद्दीजवळ. एका बाकावर घरी कन्नड बोलणारं लेकरू, दुसऱ्यावर तांड्यावरचं लमाणी, तिसऱ्यावर दखनी. १९४८ पर्यंत निजामाचा कारभार उर्दूत, आज्याला कळत नव्हता. नातवाला 'अंश' आणि 'छेद' कळत नाहीत. राज्य बदललं एवढंच. पण तेच पोरगं दुकानातून अर्धा पाव तेल आणतं, म्हणजे किलोचा एक अष्टमांश हातात घेऊन घरी येतं, उरलेले पैसे चोख मोजून! त्याला तेलाचा भाव विचार की गड्या. कन्नडात सांगू दे, शेजारचा मराठी करील.

दिवाळीच्या आगेमागे आईबापाच्या कोयत्यामागं फडावर गेलेलं पोर उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतं. २००९ चा शिक्षण हक्क कायदा म्हणतो, वयाप्रमाणं वर्गात बसवा आणि मागं पडलेल्याला खास शिकवा. पहिलं सोपं, झालं. दुसरं किती शाळांत झालं?

दोस्ताचे हाल मला दिसतात. निवडणूक आली की मास्तर, जनगणना आली की मास्तर. तरी राग येतो. १८८२ साली हंटर कमिशनपुढं जोतिरावांनी मागितलं होतं की मास्तर शक्यतो शेतकरी जातींतले असावेत, लोकांत मिसळणारे, त्यांच्या गरजा ओळखणारे. दीडशे वर्षं होत आली. आपल्यातला मास्तर आता कुठं वर्गात शिरतोय, आणि पहिल्याच दिवशी पंतोजीची जीभ उसनी घेतो!

मास्तरांच्या संघटना पेन्शनसाठी मोर्चे काढतात. काढावेत, आम्ही गोदीवालेही येऊ. पण तांड्याला लमाणी समजणारा मास्तर द्या, फडावरून परतलेल्याला त्याच्या हक्काची शिकवणी द्या, हे त्यांच्या फलकावर कधी लिहिणार?