ओल्या कचऱ्याची तजवीज

शहरातील ओल्या कचऱ्याचे शहरातच खत व्हावे, या विचाराला उघड विरोध करणारा गृहस्थ सोसायटीच्या बैठकीत सहसा भेटत नाही. असे असूनही, २०,००० चौरस मीटरांहून विस्तीर्ण किंवा प्रतिदिनी १०० किलोंहून अधिक कचरा निर्माण करणाऱ्या संकुलांनी २ ऑक्टोबर २०१७ पासून आपल्या ओल्या कचऱ्याची विल्हेवाट स्वतःच्याच आवारात लावावी, असे मुंबई महानगरपालिकेने फर्मावताच अनेक सोसायट्यांनी मुदतवाढीची याचना केली. यावरून नागरिकांच्या दांभिकतेवर प्रवचन झोडणे सोपे आहे आणि प्रशासनाला सोयीचेही. मला मात्र दोष अन्यत्र दिसतो.

जी गृहिणी भाजीची देठे आणि चहाचा चोथा निराळ्या बादलीत साठवण्याचा उपद्व्याप रोज विनातक्रार करते, तिच्या डोळ्यांदेखत दोन्ही बादल्या गाडीच्या एकाच हौद्यात रिकाम्या झाल्या, तर उद्या तिने तो का करावा, याचे उत्तर वर्गीकरणाची सक्ती करणाऱ्या घनकचरा नियमांत सापडत नाही. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक स्त्रिया दारोदार हिंडून ओला-सुका वेगळा घेतात. दारातच जाब विचारणाऱ्या या ओळखीच्या बाईमुळे जी शिस्त टिकते, ती दंडाच्या पावतीने टिकेल असे मला वाटत नाही. अर्थात त्याच पुण्याचा कचरा उरुळी देवाची व फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी वर्षानुवर्षे सोसला, आणि त्यांनी गाड्या अडविल्या तेव्हाच कचेरीला जाग आली, हेही विसरता येत नाही.

खत करण्याचे शास्त्र जुनेच आहे. इंदूर येथे आल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्या साहाय्याने सिद्ध केलेली आणि १९३१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेली खताची पद्धती थर, ओल, हवा आणि वेळोवेळी केलेली उलथापालथ एवढ्यावरच उभी आहे. दुर्गंधीने शेजारी हैराण झाले, की बहुधा पालापाचोळा कमी पडला किंवा ढीग हलविला गेला नाही, असे समजावे. त्यासाठी जाणता माणूस लागतो. यंत्रखरेदीत रमणाऱ्या खात्यांना तो नेमण्याचे सुचत नाही, आणि वासाला कंटाळलेले रहिवासी मग योजनेलाच नावे ठेवू लागतात.

तयार खताचा प्रश्न उरतोच. शहरी खताच्या विक्रीसाठी टनामागे १,५०० रुपयांचे साहाय्य केंद्र सरकारने २०१६ मध्ये मंजूर केले होते; महानगरपालिकेनेही आपल्या उद्यानांसाठी सोसायट्यांचे खत रोख दामाने घ्यावे, आणि ओल्या कचऱ्याची स्वतंत्र गाडी प्रत्येक गल्लीत नेमाने येईपर्यंत दंडाची पावतीपुस्तके दप्तरातच राहू द्यावीत.

— नगरवासी