नळ एक चालेल, निचरा वेगळा हवा

शिरूर तालुक्यातल्या रांजणगावच्या एमआयडीसीत एलजी, व्हर्लपूल, हायर या कंपन्यांचे कारखाने आहेत. फ्रिज आणि वॉशिंग मशीनने भरलेले ट्रक तिथून देशभर जातात. त्याच कारखान्यांत पाळीला जाणारी माणसे कारेगावात, शिरूरला, कुणी आपल्या वाडीवर घर बांधत आहेत. बांधताना देव्हारा कुठे, टीव्ही कुठे, इन्व्हर्टर कुठे, सगळे आधी ठरते. वॉशिंग मशीनला पाणी कुठून येणार आणि मशीनमधले पाणी कुठे जाणार, हे मात्र मशीन दारात उतरल्यावर ठरते. २०२० च्या लॉकडाउनपासून त्याच्या शेजारी भांडी धुण्याचे मशीनही येऊ लागले आहे. मागची गॅलरी तीच, नळ एकच आणि फरशीतली जाळीही एकच.

या आठवड्यात सांगायचे ते स्पष्टच सांगतो. दोन मशीनना एका नळावरून पाणी देता येते, त्यात काही बिघडत नाही. दोघांचे सांडपाणी मात्र एकाच तोंडात कोंबू नये. आपण पैसा आणि लक्ष नळाच्या बाजूला खर्च करतो आणि निचऱ्याच्या बाजूला कशीबशी वेळ मारून नेतो. घरातला कुबट वास, तुंबलेले सिंक, ओल धरलेली भिंत हे सगळे त्या चालढकलीतून येते.

आधी नळाची बाजू. घरातला पॉइंट साधारण अर्धा इंची असतो आणि मशीनच्या पाइपाचा नट पाऊण इंची. दुकानात टू-वे अँगल कॉक मिळतो. त्याच्या दोन तोंडांना दोन स्वतंत्र चाव्या असलेलाच घ्यावा. एक मशीन दुरुस्तीला निघाले तर दुसरे चालू राहते. दोन्ही मशीन पाणी सलग घेत नाहीत, मधूनमधून घेतात. दोघांनी एकाच वेळी मागितले, तर भरायला थोडा वेळ जास्त लागतो, इतकेच. धुणे संपले की चावी बंद करायची सवय मात्र घरातल्या प्रत्येकाला लावावी. मशीन बंद असले तरी नळ चालू असेल, तर रबरी पाइप चोवीस तास दाबाखाली असतो. तो फुटतो तो बहुधा घरात कुणी नसताना.

खरी अडचण दाबाची असते. पाण्याचा दहा मीटर उंच स्तंभ म्हणजे सुमारे एक किलो दाब. आपल्याकडे टाकी स्लॅबवरच ठेवतात. वरच्या मजल्यावरच्या मशीनच्या तोंडापासून टाकीतले पाणी दोन-अडीच मीटरच उंच भरते. म्हणजे पाव किलो दाब. बरीच फुल ऑटोमॅटिक मशीन यापेक्षा जास्त मागतात. मग मशीन अर्ध्यात थांबते, पाणी येत नाही असा इशारा देते, आणि आपण कंपनीच्या माणसाला फोन लावतो. तो येतो, जाळी साफ करतो, जातो. चार दिवसांनी पुन्हा तेच. त्यापेक्षा टाकी लोखंडी स्टँडवर चढवावी आणि टाकीपासून पॉइंटजवळपर्यंत पाइप एक इंची आणावा. मोठ्या पाइपाने दाब वाढत नाही, पण वाटेत वाया जातो तो वाचतो. एवढे करूनही भागले नाही, तरच प्रेशर पंपाचा विचार करावा.

पाण्याचा जडपणाही ध्यानात घ्यावा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. काळ्या खडकातल्या बोअरचे पाणी यातली पहिली मर्यादा अनेक ठिकाणी सहज ओलांडते. गरम होताना त्याचा पांढरा थर मशीनच्या कॉइलवर बसतो. भांड्यांच्या मशीनमध्ये मिठाचा कप्पा असतो तो त्यासाठीच, आणि त्यात घरातले बारीक मीठ घालायचे नसते. बोअर आणि नगरपालिकेचा नळ असे दोन्ही पर्याय असतील, तर मशीनना नळाचे पाणी असलेली टाकी जोडावी.

आता निचरा. शिरूरच्या एका दुमजली घरात हा प्रकार मी जवळून पाहिला. दोन्ही मशीनचे पाइप एका वाय जोडात घालून, वर एम-सीलने लिंपून, सिंकच्या दीड इंची पाइपात सोडले होते. कपड्यांचे मशीन पाणी फेकू लागले की सिंकमध्ये फेस वर यायचा. भांड्यांच्या मशीनच्या तळाशी निळसर पाणी साचायचे. प्लंबरने पाइप खोलला तेव्हा आत बोटभर जाडीचा राखाडी गोळा अडकलेला होता. कपड्यांचा लोकर-धागा आणि भांड्यांचे गोठलेले तेल एकमेकांत घट्ट बसले होते. बाईंनी विचारले, “दादा, ॲसिड टाकलं तर सुटेल का?” तो म्हणाला, “ताई, आज सुटेल, महिन्यानं परत बसेल. दोघांची वाट वेगळी करा.”

त्याचे म्हणणे बरोबर आहे. कपड्यांच्या मशीनचा पंप टबातले पाणी एकदम जोराने बाहेर फेकतो. त्या पाण्याला पुढे वाट अरुंद मिळाली, तर ते जिथे उघडे तोंड सापडेल तिथे घुसते. शेजारच्या मशीनचा पाइप हे असेच एक तोंड. शिवाय जोड लिंपून हवाबंद केला की पाण्याची धार मागची हवा ओढते. त्या ओढीने सिंकखालच्या किंवा न्हाणीतल्या ट्रॅपमधले पाणी खेचले जाते. दोन इंच पाण्याचा तो पडदा गटाराचा वास आणि झुरळे अडवत असतो. तो गेला की घरात वास येतो आणि आपण फिनेल ओतत बसतो. कधी याच ओढीने मशीन भरता भरता रिकामे होत राहते आणि टाकी संपेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

उपाय महागडा नाही. भिंतीत दोन इंची उभा पाइप घ्यावा, त्याचे तोंड फरशीपासून अडीच-तीन फुटांवर ठेवावे आणि खाली ट्रॅप बसवावा. कपड्यांच्या मशीनचा पाइप त्या तोंडात नुसता अडकवावा, लिंपू नये. भोवती हवा खेळली पाहिजे. भांड्यांच्या मशीनचा पाइप ओट्याच्या खालच्या बाजूला उंच वळसा देऊन सिंकच्या ट्रॅपच्या वर, स्वतंत्र तोंडात सोडावा. दोन्ही वाटा पुढे बाहेरच्या चेंबरमध्ये एकत्र आल्या तरी हरकत नाही. आडव्या पाइपाला फुटामागे पाव इंच उतार हवा. फरशी बसण्याआधी हे काम अर्ध्या दिवसात होते. नंतर करायचे म्हटले की टाइल फोडाव्या लागतात.

भिंतीबाहेर गेलेल्या पाण्याचाही हिशेब घरमालकानेच ठेवायला हवा. मशीनचे साबणाचे पाणी सेप्टिक टँकमध्ये सोडू नये. एका दमात आलेल्या पाण्याने टाकीतला गाळ ढवळतो आणि न कुजलेली घाण पुढे वाहते. ते सरळ परसबागेतही सोडू नये. आपल्या भारी काळ्या जमिनीत सोडियम साठला की ती चोपण होते, हे कालव्याखालच्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. आरओ फिल्टरमधून बाहेर पडणाऱ्या खारट पाण्याचेही तेच. ते फरशी पुसायला, संडासात टाकायला वापरावे. गटारच नसलेल्या वस्तीत शोषखड्डा हाच मार्ग आहे, पण त्याच्या आधी तेल आणि धागे अडवणारी छोटी टाकी हवी, नाहीतर खड्डा लवकर बुजतो. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे करून गल्लीतले सांडपाणी आणि त्याबरोबर डासही घालवले. शिरूर-दौंडच्या गावांना ते जमणार नाही असे मुळीच नाही.

वरच्याने निचऱ्याकडे पाठ फिरवली की खालच्याचे काय होते, हे दौंडकरांइतके कुणाला कळणार? पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासला या सुमारे २९ टीएमसीच्या साखळीतून पुणे पाणी उचलते आणि त्याच साखळीचे पाणी कालव्याने दौंडकडे येते. पुण्याचे वापरलेले पाणी मुळा-मुठेतून वाहत रांजणगाव सांडसपाशी भीमेला मिळते आणि दौंडवरून उजनीकडे जाते. मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचललेले सांडपाणी बेबी कालव्याने शेतात पोचते. म्हणजे एक मोठे शहर आणि एक तालुका एकाच नळावर आहेत, आणि शहराचा निचरा तालुक्याच्या अंगणातून जातो. पाणीवाटपावर दरवर्षी बैठका होतात, टीएमसीच्या आकड्यांवरून भांडणे होतात. निचऱ्याच्या दर्जावर तेवढ्या तावातावाने कुणी बोलत नाही. पुण्याने आपले सांडपाणी पूर्ण शुद्ध करूनच नदीत सोडावे, ही दौंडची मागणी रास्त आहे आणि तिला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण शिरूरचे सांडपाणीही घोडनदीतून शेवटी भीमेलाच मिळते. आपल्या गल्लीतला निचरा नीट केला, तर तीच मागणी आपण अधिक जोरात करू शकतो.

म्हणून शिरूर आणि दौंडच्या नगरपालिकांकडे, आणि भोवतालच्या ग्रामपंचायतींकडे, माझी एक ठोस मागणी आहे. राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत मोठ्या प्रकल्पांना सांडपाण्याच्या पुनर्वापराची अट आहे. छोट्या घराला तेवढी यंत्रणा परवडणार नाही, पण नकाशावर दोन ठिपके काढायला पैसे लागत नाहीत. मशीनचा नळ कुठे आणि मशीनचा स्वतंत्र निचरा कुठे, हे दाखवल्याशिवाय नकाशा पुढे सरकवू नये. भाड्याच्या खोल्यांची रांग बांधणाऱ्या मालकाला तर हे आवर्जून विचारावे. तिथला भाडेकरू मशीन हप्त्यावर घेतो आणि निचरा नसल्यामुळे पाइप दारातून रस्त्यावर सोडतो. दोष त्याचा नसतो, खोली बांधणाऱ्याचा असतो.

आणि ज्यांच्या घराचे बांधकाम आत्ता चालू आहे, त्यांनी नगरपालिकेची वाट पाहू नये. फरशीवाल्याला बोलावण्याआधी प्लंबरला त्या गॅलरीत उभे करा आणि दुसरा दोन इंची पाइप टाकून घ्या. दुसरे मशीन आज घ्यायचे नसेल तरी घ्या. पाच वर्षांनी ते येणारच आहे, आणि तेव्हा भिंत फोडायची वेळ तुमच्यावर येणार नाही.