रोडीने अंधारातच का राहायचे?

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत दोन जुने संगणक आहेत. दिवसभर त्यांच्यावर शिष्यवृत्तीचे अर्ज, जातपडताळणीची कागदपत्रे, परीक्षांचे निकाल असली कामे चालतात. रात्री नऊनंतर मुले गेम खेळतात. परवा एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी हे पाहिले आणि आम्हाला सुनावले, "पोरं राक्षस मारत बसलीत, आणि तुम्ही समाजशास्त्राचे एम.ए. शेजारी बसून बघताय?"

आम्ही बघत होतो हे खरे आहे. पुढे आम्ही तो गेम स्वतः शेवटपर्यंत खेळलो, हेही कबूल करतो. ज्यांना हा रिकामटेकडेपणा वाटतो त्यांना एवढेच विचारायचे आहे की, जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा मत्स्य, कच्छ, वामन, परशुराम या गोष्टी त्यांनी हसण्यावारी नेल्या होत्या काय? त्या गोष्टींत कोण जिंकतो, कोण गाडला जातो आणि गाडणाऱ्याला देव कोण ठरवतो, हे त्यांनी एकेक करून उलगडून दाखवले. आजच्या पोरांच्या डोक्यात शिरणाऱ्या दंतकथा पोथीतून येत नाहीत, पडद्यावरून येतात. त्या वाचणे हे आपलेच काम आहे.

गेमचे नाव 'ब्रूटल लेजंड'. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरातल्या डबल फाइन या कंपनीने तो केला. टिम शेफर त्याचा कर्ता आणि साल 2009. हेवी मेटल संगीताच्या रेकॉर्डींच्या वेष्टनांवर जी चित्रे असतात, म्हणजे कवट्या, आगी, अवाढव्य तलवारी, धातूचे प्राणी, ती सगळी चित्रे जमिनीवर उतरली तर जे जग तयार होईल, ते या गेमचे जग. त्यात शंभराहून जास्त खरी गाणी वाजतात. ओझी ऑस्बॉर्न, लेमी, रॉब हॅलफर्ड, लिटा फोर्ड अशा खऱ्या गायक-वादकांनी पात्रांना आवाज दिले आहेत. नायकाच्या हातात एक कुऱ्हाड आहे आणि एक गिटार, आणि गिटारच्या सुरावटीने जमिनीत गाडलेल्या वस्तू वर येतात.

नायक कोण? एडी रिग्ज. हा गायक नाही, वादक म्हणूनही मंचावर उभा राहत नाही. तो रोडी आहे. रोडी म्हणजे बँडबरोबर गावोगाव फिरणारा कामगार. ट्रकमधून सामान उतरवायचे, मंच बांधायचा, वायरी जोडायच्या, दुसऱ्याच्या गिटारच्या तारा सुरात लावून द्यायच्या, आणि दिवे लागले की बाजूला अंधारात उभे राहायचे. मंच कोसळतो तेव्हा बँडमधल्या एका पोराला वाचवताना एडी चिरडला जातो. त्याचे रक्त पट्ट्याच्या बकलावर पडते आणि तो त्या दुसऱ्या जगात जाऊन पडतो. तिथे दानवांचे राज्य आहे आणि माणसे त्यांची गुलाम आहेत. मूठभर बंडखोर उरले आहेत. त्यांचा नेता लार्स हॅलफर्ड, दिसायला राजबिंडा, आणि त्याची बहीण लिटा, जी आमच्या मते त्याच्यापेक्षा लढाऊ आहे, पण भाऊ असेपर्यंत मागेच उभी.

इथवर नेहमीचीच गोष्ट. आम्ही सरसावून बसलो ते खाणीच्या प्रसंगाला. लहानपणापासून खाणीत राबवलेले तरुण, त्यांच्याकडून डोक्याने दगड फोडून घेतले जातात. वर्षानुवर्षे डोके आपटून त्यांच्या माना बैलासारख्या झाल्या आहेत. मेटल ऐकणारे श्रोते तालावर मान झटकतात, त्यांना 'हेडबँगर' म्हणतात, त्यावर केलेला हा विनोद. पण विनोदाच्या आत जे आहे ते आमच्या पोरांनी बरोबर ओळखले. एडी त्या तरुणांना फुकट दया दाखवत नाही. तो त्यांना सांगतो की ज्या मानेने तुम्ही मालकाचे दगड फोडता, त्याच मानेने मालकाची माणसे पाडता येतील. गुलामीने शरीरावर केलेली खूण हेच हत्यार होते. आमच्या शेजारी बसलेला बारावीचा मुलगा एवढेच म्हणाला, "माझ्या आज्याची मान अशी होती. हमाली करायचा."

हा प्रसंग हवेतून आलेला नाही. हेवी मेटलचा जन्मच कारखान्यातला. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहराच्या अ‍ॅस्टन या कामगार भागातली चार पोरे म्हणजे ब्लॅक सॅबथ. टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वय 17, नोकरीचा शेवटचा दिवस, आणि यंत्राखाली उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने भांडी धुण्याच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडे लावले, हलक्या तारा बसवल्या, पुढे त्या सैलही केल्या. जगभरची पोरे ज्या जड, खोल आवाजावर मान हलवतात, त्याच्या मुळाशी एका जखमी कामगाराची ही जुळवाजुळव आहे. आणि गायक ओझी? गाणे सुरू करण्यापूर्वी तो कत्तलखान्यात मेलेल्या जनावरांत काम करत होता. 2025 च्या जुलैमध्ये अ‍ॅस्टनच्याच व्हिला पार्क मैदानावर तो शेवटचे गायला आणि त्याच महिन्यात गेला. मेलेल्या जनावराचा वास अंगाला चिकटणे म्हणजे काय, हे आपल्या घरांत वेगळे सांगावे लागत नाही. फरक मात्र विसरू नये. ओझीच्या मुलाला जन्माने तेच काम लागले नसते. आपल्याकडे ते काम माणसाला शोधत त्याच्या पाळण्यापर्यंत यायचे, म्हणून तर 1927 ला महाडमध्ये मेलेली ढोरे ओढणे सोडा हे सांगावे लागले.

गेममधला एक खलनायकही आपल्या ओळखीचा आहे. जनरल लायनव्हाइट. हा दानव नाही, माणूसच आहे. दानवांच्या वतीने माणसांवर राज्य करतो, खाणी चालवतो, केस कुरवाळतो आणि आरशांत राहतो. कांशीरामजींनी 1982 साली, पुणे कराराला 50 वर्षे झाली तेव्हा, 'चमचा युग' लिहिले. त्यातला चमचा कसा दिसतो असे कोणी विचारले तर आम्ही आता या जनरलचे चित्र दाखवू. दानवांना माणसे दाबायला दरवेळी स्वतः यावे लागत नाही, हे गेम करणाऱ्यांना कळले आहे.

पण कळले ते इथपर्यंतच. इथून आमचे भांडण सुरू होते.

पहिले भांडण जन्माचे. गोष्ट पुढे सरकते आणि उघड होते की एडी साधा रोडी नव्हताच. त्याचा बाप या जगातला मोठा मानवी योद्धा, आणि आई दानवांची सम्राज्ञी. म्हणजे ज्या हातांनी मंच बांधले, गाड्या जोडल्या, सैन्य उभे केले, त्या हातांचे कौशल्य पुरेसे पडले नाही. त्यांत खास रक्त असावेच लागले. कर्णाची गोष्ट आठवा. सूताघरी वाढलेला पोरगा धनुर्विद्येत बरोबरी करतो, हे कथेला सोसत नाही, मग तो मुळात कुंतीचा आणि सूर्याचा निघतो. ज्याच्यामागे असे रक्त काढता आले नाही त्या एकलव्याचा अंगठाच काढून घेतला. सॅन फ्रान्सिस्कोत बसून कुणी महाभारत समोर ठेवून लिहिले असे आमचे म्हणणे नाही. खालच्या माणसाचे कर्तृत्व दिसले की त्याचा वरचा बाप शोधायचा, ही खोड जुनी आहे आणि एका देशाची नाही, एवढेच.

दुसरे भांडण मोठे आहे. एडीचे एक तत्त्वज्ञान आहे. चांगला रोडी कोण? जो दुसऱ्याला उठून दिसायला मदत करतो, दुसऱ्याला सांभाळतो, आणि स्वतः उजेडात येत नाही. काम नीट झाले तर तो होता हे कुणाला कळतही नाही. म्हणून तो सैन्य स्वतः बांधतो आणि पुढे चेहरा लार्सचा ठेवतो. दानव हरतात, श्रेय हॅलफर्ड भावंडांच्या नावावर जमा होते आणि एडी बाजूने निघून जातो. खेळणाऱ्याचे डोळे पाणावावेत अशी ही रचना आहे, आणि पाणावतातही. गेमच्या लढायांत रोडी नावाची एक तुकडीच आहे. पाठीवर स्पीकर घेऊन चालणारे हे लोक शत्रूच्या डोळ्यांसमोरून जातात तरी शत्रूला दिसत नाहीत. का, तर रोडीकडे कोण बघते!

आम्हाला इथे बाबासाहेबांची आठवण झाली. भंगीकाम ही किती उदात्त सेवा आहे, हे सांगणाऱ्या गांधीजींच्या उपदेशाचा त्यांनी 1945 च्या ग्रंथात घेतलेला समाचार ज्यांनी वाचला आहे, त्यांना आमचे म्हणणे लगेच कळेल. माणसाला कामावरून हीन ठरवणे ही एक युक्ती. त्याच कामाची आरती ओवाळून त्याला तिथेच ठेवणे ही दुसरी, आणि ती जास्त पोचलेली, कारण तिच्यात अपमान दिसत नाही. न दिसण्यालाच मोठेपणा म्हटले की दिसण्याची मागणी करणारा आपोआप हावरा ठरतो. रोडी स्वतःहून मागे राहिला तर तो त्याचा निर्णय, हे आम्हाला मान्य. पण सगळे रोडीच दरवेळी स्वतःहून मागे कसे राहतात?

गंमत अशी की या तत्त्वज्ञानाचे उत्तर गेमच्याच आत बसले आहे. त्यात किल मास्टर नावाचे एक पात्र आहे. जाड तारांच्या बासगिटारने तो जखमी सैनिकांना बरे करतो. त्याला आवाज दिला लेमीने. हा लेमी तरुणपणी कोण होता? जिमी हेंड्रिक्सचा रोडी. दुसऱ्याचे सामान वाहणारा. तो अंधारात थांबला नाही. हॉकविंडमध्ये बासगिटार घेऊन उभा राहिला, तिथून काढल्यावर 1975 ला मोटरहेड उभा केला आणि 2015 मध्ये मरेपर्यंत माइकसमोरून हटला नाही. त्याच्यामागे कुणी योद्धा बाप किंवा सम्राज्ञी आई निघाली नाही. ज्या गेममध्ये लेमीचा आवाज आहे, त्या गेमने रोडीला अंधाराचे गुणगान शिकवावे, हे आम्हाला पटत नाही.

आणखी एक गोष्ट खेळताना खटकली. लढाईत सैन्य उभे करायला जे इंधन लागते ते म्हणजे चाहते. जमिनीतून कारंज्यासारखे चाहत्यांचे आत्मे उसळतात, त्यावर आपले दुकान बांधायचे आणि ते आत्मे खर्चून एकेक तुकडी विकत घ्यायची. किती चाहते शिल्लक आहेत याचा आकडा पडद्यावर दिसत राहतो. कुणाच्या सभेला किती गाड्या भरून आल्या हे मोजणाऱ्या आपल्या नेत्यांना हा खेळ शिकवायची गरज पडणार नाही.

आणि नेत्यांवर बोट दाखवून आम्ही सुटत नाही. 14 एप्रिलला आमच्या वस्तीत मंच बांधला जातो. बल्ल्या रोवणारे, वायरी ओढणारे, स्पीकरचे खोके खांद्यावर वाहणारे बहुतेक आपलेच पोरगे. गेल्या वर्षी निमंत्रणपत्रिकेवर आम्ही 31 नावे छापली. उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख अतिथी, स्वागतोत्सुक. मंच बांधणाऱ्या सातांपैकी एकाचेही नाव नव्हते. पत्रिका आम्हीच लिहिली होती. आभार मानताना "ज्ञात-अज्ञात सर्वांचे" असे म्हणून मोकळे झालो. अज्ञात कोण? ज्यांच्या घरी आम्ही रोज चहा पितो ते? जुन्या आंबेडकरी जलशात ढोलकी वाजवणारा, गाणारा आणि सतरंजी अंथरणारा पुष्कळदा एकच माणूस असायचा. मंच मोठा झाला तसे आपण हे हात वेगळे केले. 'जातीचे विच्छेदन' मधला श्रमविभागणी आणि श्रमिकांची विभागणी हा फरक आपण भाषणात सांगतो, आणि सांगताना ज्याने माइक लावला तो खाली वायरीपाशी उकिडवा बसलेला असतो.

गेम संपला त्या रात्री बारावीच्या त्या मुलाला आम्ही विचारले. तोही सातांपैकी एक. यंदा बोलशील का मंचावरून, पाच मिनिटे? तो आधी हसला. मग म्हणाला, "बोलीन की. पण मागच्या साली पाहुण्यांचं जेवण झालं तेव्हा आम्ही बल्ल्या सोडत होतो. रात्री दीडला आलो तर भाजी संपलेली. आधी ते बघा."

येत्या बैठकीत विषय क्रमांक एक म्हणून आम्ही हेच लिहून दिले आहे: मंच सोडवणाऱ्यांची पंगत पाहुण्यांबरोबर, मजुरी त्याच रात्री, आणि पत्रिकेवर सातही नावे.