ज्याला काहीच झालं नाही, त्याचं क्वारंटाइन

२०२५ च्या जूनमध्ये शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकाकडे झेपावले, त्याआधी सुमारे महिनाभर ते क्वारंटाइनमध्ये होते. उड्डाण पुढे पुढे जात राहिलं आणि तो मुक्कामही लांबत गेला. तेव्हा एका आजोबांनी मला विचारलं, "डॉक्टर, माणूस ठणठणीत आहे, मग कोंडून कशाला ठेवायचं?"

हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत तुम्हीही मला विचारता. मुलाच्या वर्गात कांजिण्या निघतात, आणि 'आमच्या बाळाला तर काहीच नाही, मग लग्नाला नेलं तर काय बिघडलं?' असं विचारलं जातं.

आजारी माणसाला इतरांपासून दूर ठेवणं म्हणजे विलगीकरण. क्वारंटाइन मात्र निरोगी दिसणाऱ्या माणसासाठी असतं. त्याचा संसर्गाशी संबंध आला आहे, पण लक्षणं अजून नाहीत. जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ म्हणजे अधिशयन काळ. तेवढे दिवस वाट पाहायची. 'काहीच झालं नाही' असा शेवट झाला, तर ते क्वारंटाइन वाया गेलं असं समजू नका.

आता चंद्राकडे वळू. २४ जुलै १९६९ रोजी अपोलो ११ चं यान प्रशांत महासागरात उतरलं. चंद्रावर जीवसृष्टी असण्याची शक्यता फारच कमी आहे, असं बहुतेक शास्त्रज्ञांचं मत होतं. पण शक्यता शून्य आहे, असं छातीठोकपणे कोण सांगणार? म्हणून आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स यांना संपूर्ण शरीर झाकणारे पोशाख चढवले गेले, जंतुनाशकाने पुसून काढलं गेलं आणि हॉर्नेट या युद्धनौकेवरच्या एका बंद ट्रेलरमध्ये नेण्यात आलं. राष्ट्राध्यक्ष निक्सन त्यांच्याशी बोलले ते खिडकीच्या काचेतून. ट्रेलरमध्ये त्यांच्यासोबत एक डॉक्टर आणि एक अभियंताही होता. तिथून सगळे ह्यूस्टनच्या खास प्रयोगशाळेत गेले. आतली हवा बाहेर जाऊ नये म्हणून तिथे हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवला होता. क्षयरोगाच्या विशेष खोल्यांत आजही हेच तत्त्व वापरतात. चंद्रावरची धूळ उंदीर, मासे, लाव्हे पक्षी, झुरळं आणि रोपट्यांना देऊन पाहिली गेली. आर्मस्ट्राँग यांचा ३९ वा वाढदिवसही आतच झाला. चंद्र सोडल्यापासून २१ दिवस मोजून १० ऑगस्टला त्यांची सुटका झाली.

दिसायला कडेकोट. पण एक भोक राहिलं होतं, आणि तेही मोठं. पोशाख आत देण्यासाठी समुद्रातच यानाचं दार उघडलं गेलं. यानातली हवा आधीच बाहेरच्या हवेत मिसळू लागली होती. अंतराळवीरांसकट बंद यान क्रेनने जहाजावर घेण्याचा विचार झाला होता, पण लाटांमध्ये ते धोक्याचं ठरलं असतं म्हणून तो सोडून दिला. चंद्रावर खरंच जंतू असते, तर त्या दारातूनच ते समुद्रात गेले असते. पुढचे २१ दिवस नुसती शोभा.

म्हणून ते सगळं नाटक होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. समोर दिसणारा बुडण्याचा धोका आणि जवळजवळ काल्पनिक जंतूचा धोका यांत मीही माणसांचाच जीव आधी पाहिला असता. माझी तक्रार एवढीच, की अर्धवट बंदोबस्ताला पूर्ण बंदोबस्त म्हणू नये. घरात एक खोली वेगळी करायची आणि टॉवेल, जेवणाचं ताट सगळ्यांचं एकच, हा प्रकार आपण करोनाकाळात पाहिलाच आहे. चांद्रवीरांचं क्वारंटाइन अपोलो १४ नंतर बंद झालं, कारण चंद्राच्या नमुन्यांत सजीव काहीच सापडलं नाही.

गंमत पाहा, मोहिमांना खरा त्रास दिला तो पृथ्वीवरच्या साध्या जंतूंनी. ऑक्टोबर १९६८ मध्ये अपोलो ७ च्या चमूला सर्दीने बेजार केलं. वजनरहित अवस्थेत शेंबूड खाली उतरत नाही, नाक चोंदलेलंच राहतं. परतताना नाक शिंकरता यावं म्हणून त्यांनी हेल्मेट घालायलाच नकार दिला! १९६९ मध्ये अपोलो ९ चं उड्डाण चमूच्या सर्दीमुळे तीन दिवस पुढे गेलं.

मग आला एप्रिल १९७०. अपोलो १३ च्या राखीव चमूतल्या चार्ली ड्यूक यांना ओळखीच्या एका मुलाकडून रुबेला, म्हणजे जर्मन गोवर झाला. ते मुख्य चमूच्या संपर्कात आलेले होते. रक्त तपासलं, तर लव्हेल आणि हेज यांना प्रतिकारशक्ती होती, केन मॅटिंग्ली यांना नव्हती. रुबेलाची लक्षणं दिसायला दोन ते तीन आठवडे लागतात, म्हणजे आजार नेमका मोहिमेत उपटला असता. उड्डाण दोन-तीन दिवसांवर असताना मॅटिंग्ली यांना काढून जॅक स्विगर्ट यांना घेतलं गेलं.

मॅटिंग्ली यांना रुबेला झालाच नाही. तरीही मी तो निर्णय बरोबर मानतो. डॉक्टरच्या हातात त्या दिवशी फक्त त्या दिवसाची माहिती असते. अपोलो १४ पासून उड्डाणाआधी तीन आठवडे अंतराळवीरांना भेटणाऱ्या माणसांची संख्या कमी केली गेली. शुक्लांचा तो महिना याच परंपरेतला.

आता तुमच्या बाळाचं. कांजिण्यांचा अधिशयन काळ १० ते २१ दिवसांचा असतो आणि पुरळ येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून मूल संसर्ग पसरवू लागतं. लग्नात गरोदर बाई असेल, केमोथेरपी घेणारे काका असतील, त्यांना हा आजार जड जाऊ शकतो. मुलाने कांजिण्यांची लस घेतली आहे का, हा आजार आधी होऊन गेला आहे का, हे मला सांगा, म्हणजे दिवस मोजायचे की नाही ते ठरवता येईल. आणि गोवर-रुबेलाची लस ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान द्यायची असते, तेही कार्डावर तपासून घ्या.

मॅटिंग्ली १९७२ मध्ये अपोलो १६ मधून चंद्राकडे गेले. सोबत होते चार्ली ड्यूक.