कप्तान कोण?

मुलांनो, जून उजाडला की माझ्यामागे एक भुंगा लागतो. पुस्तकांना अजून कव्हरं घालून झालेली नसतात, वर्गातल्या जागांवरून भांडणं चालू असतात, आणि मैदानावर पहिल्या सरावाला आलेली पोरं घाम पुसायच्या आधी विचारतात, "सर, यंदा कप्तान कोण?"

आमचं गाव लोणी काळभोर. पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याला लागलात आणि हडपसर मागे टाकलंत की थोड्या वेळानं येतं. थेऊरच्या चिंतामणीला गेला असाल, तर बहुतेक आमच्या गावावरूनच गेला असाल. मी शाळेत इतिहास शिकवतो आणि संध्याकाळी कबड्डीचा संघ सांभाळतो. कबड्डीत समोरचा अख्खा संघ बाद झाला की 'लोण' चढतो आणि दोन गुण जादा मिळतात. तेव्हा लोणीच्या मुलांनी कबड्डी खेळायची नाही तर काय, असा विनोद मी दरवर्षी करतो. दरवर्षी फक्त नवी मुलंच हसतात.

तर यंदा मी पोरांनाच उलट विचारलं, "तुम्ही सांगा, कप्तान कसा हवा?" उत्तरं भराभर आली. ज्याची चढाई सगळ्यात चांगली तो. ज्याचा आवाज मोठा तो. जो दहावीत आहे तो, कारण त्याचं हे शेवटचं वर्ष. एक जण म्हणाला, ज्याला कोणी घाबरत नाही पण सगळे ज्याचं ऐकतात तो. हा मुलगा पुढे वकील होणार बहुतेक! मी म्हटलं, "पालखी जाऊ द्या, मग सांगतो."

पालखी म्हणजे तुकाराम महाराजांची. दोन्ही पालख्या पुण्यातून एकाच दिवशी निघतात. ज्ञानोबा माउलींची पालखी हडपसरहून दिवे घाटाकडे वळते, आणि तुकोबांची सोलापूर रस्त्यानं आमच्याकडे मुक्कामाला येते. त्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नसते. देवळं, शाळा, घरांचे ओटे, जिथं जागा मिळेल तिथं वारकरी पाठ टेकतात. आमची पोरं पाण्याचे पिंप भरतात, चहा वाटतात, म्हाताऱ्या माणसांच्या पिशव्या उचलतात. संघातला एकही मुलगा त्या रात्री घरी नसतो. ढोल, टाळ, दिवे, गर्दी, कोणाला नाही आवडणार?

मी बघत होतो ते दुसऱ्या दिवशीचं. पहाटे पालखी यवतच्या दिशेनं निघून गेली, की मागे काय उरतं ते तुम्ही पाहिलंय का? पत्रावळी, कागदी पेले, केळीची सालं आणि चिखल. बारा जणांच्या संघातले तीन जण झाडू घेऊन आले. मी कोणालाही बोलावलं नव्हतं. त्या तिघांतला एक शाळेचं अंगण झाडून झाल्यावर थांबला नाही. कोपऱ्यावर एका आजींचं घर आहे, त्यांच्या ओट्यावर वारकरी झोपले होते. हा तिथं गेला, ओटा धुऊन दिला आणि मग घरी गेला.

यंदाचा कप्तान तो. चढाई म्हणाल तर साधारण, पकड बरी.

आता आमच्या संघातला सगळ्यात चांगला चढाईपटू माझ्याकडे आला. गेल्या वर्षी आमचे निम्म्याहून जास्त गुण त्यानं आणलेले. तोंड फुगलेलं. म्हणाला, "सर, झाडू मारायचा आणि कबड्डीचा काय संबंध? मी दुसऱ्या मंडळाकडून खेळतो." आणि निघालाच.

रागावू नका त्याच्यावर. त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. जो मुलगा संघाला जिंकून देतो, त्याला आपल्याला डावललं असं वाटणारच. मी त्याला म्हटलं, "जायचं तर जा. पण पाच मिनिटं बस, एक कुस्तीची गोष्ट सांगतो." कुस्ती म्हटल्यावर तो बसला. त्याचे आजोबा पैलवान होते.

कराडजवळ गोळेश्वर नावाचं गाव आहे. तिथले खाशाबा जाधव. वडील दादासाहेब स्वतः कुस्ती शिकवायचे, त्यामुळे वयाच्या पाचव्या वर्षीच पोराला लाल माती लागली. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेल्यावर बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्या हाताखाली ते तयार झाले. १९४८ साली लंडनचं ऑलिंपिक. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च केला आणि खाशाबा गेले. तिथं माती नव्हती, मॅट होती. मातीवर पाय रोवायची सवय असलेल्या माणसाला मॅटवर उभं करणं म्हणजे विहिरीत पोहणाऱ्याला समुद्रात टाकण्यासारखं. तरी त्यांचा सहावा क्रमांक आला.

सहावा! आपण असतो तर गावात फोटो छापून आणला असता आणि तिथंच थांबलो असतो. खाशाबांनी चार वर्षं वजन, दम आणि डावपेच यांवर मेहनत घेतली. ५२ किलोच्या गटातून ते ५७ किलोच्या गटात गेले. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत एका गुणानं मागे पडले, तेव्हा गप्प न बसता पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा लढायची संधी मिळवली आणि समोरच्याला चीत केलं.

१९५२ साली हेलसिंकीला जायचं ठरलं, पण पैसे कुठायत? गावानं वर्गणी काढली, दुकानदारांनी दिले, तरी पुरेना. तेव्हा त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकलं. सात हजार रुपये उभे केले. १९५२ सालचे सात हजार, बरं का! प्राचार्य काही पैलवान नव्हते. खाशाबा पहिल्याच फेरीत हरून आले असते, तर घर गेलं असतं ते सरांचं.

इथं माझा चढाईपटू जरा सरळ होऊन बसला.

हेलसिंकीला खाशाबांनी कॅनडाच्या आणि मेक्सिकोच्या मल्लांना हरवलं. मग जपानच्या शोहाची इशीशी फार लांबलेली कुस्ती झाली. त्यात ते हरले, आणि त्या इशीनंच पुढे सुवर्णपदक नेलं. अंगातला दम संपलेला. आणि लगेच पुकारा झाला, सोव्हिएत संघाच्या मामेदबेकोव्हशी लढा! नियम असा की दोन कुस्त्यांच्या मध्ये निदान अर्धा तास विश्रांती हवी. पण तो नियम पंचांपुढे मांडायचा कोणी? असं सांगतात, की त्या वेळी भारताचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. खाशाबा थकलेल्या अंगानं उतरले आणि हरले. वाट्याला कांस्यपदक आलं, २३ जुलै १९५२ रोजी. स्वतंत्र भारताला एकट्या खेळाडूनं मिळवून दिलेलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. दुसरं यायला ४४ वर्षं लागली, १९९६ साली अटलांटात लिअँडर पेसचं.

हा भाग मी वर्गात सांगतो तेव्हा मला दर वेळी तीच रिकामी जागा दिसते. मॅटच्या कडेला एक माणूस हवा होता. त्याला कुस्ती येत नसती तरी चाललं असतं. फक्त उठून "थांबा, अर्धा तास झालेला नाही" एवढं म्हणायला हवं होतं. कोल्हापुरात एक माणूस घर पणाला लावून पाठीशी उभा होता, आणि ज्यांचं कामच ते होतं, ते जागेवर नव्हते.

मी पोराला विचारलं, "तू चढाईला जातोस तेव्हा तुझी पाठ कोणाकडे असते?"

तो म्हणाला, "आपल्या संघाकडे."

"मग तुझ्या पाठीमागे कोण असावं असं वाटतं? गर्दी असताना येणारा, की गर्दी गेल्यावर येणारा?"

तो काही बोलला नाही. दप्तर उचललं, चार पावलं गेला आणि परत वळून म्हणाला, "सर, त्या प्राचार्यांच्या घराचं काय झालं?"

"उद्या सरावाला आलास तर सांगीन," मी म्हटलं. मास्तरांना अशा युक्त्या कराव्या लागतात, तुमच्या सरांना विचारा हवं तर.

दुसऱ्या दिवशी तो आला, सगळ्यात शेवटी आणि कोणाशी न बोलता, पण आला. चटकन पुढची गोष्ट सांगितली. खाशाबा परतले तेव्हा कराड स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पाव तासाचा रस्ता, त्या दिवशी तासन् तास लागले. हार-तुरे झाले, भाषणं झाली. आणि मग खाशाबा पुन्हा आखाड्यात उतरले. कोल्हापुरात कुस्त्या ठरवल्या, स्वतः लढले, आणि त्यातून जमलेले पैसे नेऊन सरांना दिले. सरांचं घर सुटलं.

पुढे १९५५ मध्ये ते पोलिसात सब-इन्स्पेक्टर झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे पुढचं ऑलिंपिक हुकलं. १९८४ साली अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी. त्यांचा वाढदिवस, १५ जानेवारी, आता आपल्याकडे राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात. तुमच्या शाळेत होतो का? होत नसेल तर सरांना आठवण करा.

चढाईपटूनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे पदक मिळाल्यावर पण कुस्त्या खेळायला लागल्या, सर?" मी म्हटलं, "लागल्या." त्यावर तो मैदानात गेला. कप्तान रेषा आखत होता, चुन्याचं घमेलं जड होतं. यानं न सांगता दुसरा कान धरला.

अजून दोघं नीट बोलत नाहीत. सराव मात्र रोज होतो. येत्या शनिवारी हवेली तालुक्याची स्पर्धा आहे. पहिलाच सामना गेल्या वर्षीच्या विजेत्यांशी पडलाय. काय झालं ते पुढच्या आठवड्यात सांगतो.