हुन्नर आणि रोजी : काळी शेरवानी उन्हात तपकिरी का झाली?

गेल्या महिन्यात आमच्या एका वाचक भगिनींचा फोन आला. विषय त्यांच्या धाकट्या भावाच्या शादीचा होता. निकाह, वलीमा, सगळे खैरियतने पार पडले होते. दोन महिन्यांनी शूटिंगवाल्याने फिल्म आणून दिली आणि घरातले सगळे टीव्हीसमोर बसले. मशिदीतला निकाह छान आला होता. मग आंब्याच्या बागेत भर दुपारी काढलेला भाग सुरू झाला आणि अम्मी म्हणाल्या, "अरे, शेरवानी काळी होती ना?" पडद्यावर दूल्ह्याची शेरवानी चक्क तपकिरी, जराशी जांभळट दिसत होती.

मग चर्चा सुरू झाली. कोणी म्हणाले, टेलरने हलके कापड लावले, उन्हात त्याचा अस्सल रंग बाहेर आला. कोणी म्हणाले, रंग पक्का नव्हता. टेलरचाचांच्या शिलाईतली काही रक्कम द्यायची राहिली होती, ती घरच्यांनी अडवून ठेवली. चाचा कळवळून सांगत होते की तुम्ही पसंत केलेलेच कापड लावले आहे. शूटिंगवाला सांगत होता की मी रंगात काही बदल केलेला नाही. भगिनींचा आम्हाला प्रश्न होता, "या दोघांत खोटे कोण बोलतो?"

आम्ही त्यांना तीन गोष्टी पाहायला सांगितल्या. शेरवानी कपाटातून काढून दुपारच्या उन्हात आपल्या डोळ्यांनी पाहा. अल्बममधल्या फोटोंत ती कशी दिसते ते पाहा. आणि बागेतल्या त्याच भागात बाकीच्यांचे काळे कपडे कसे दिसतात तेही पाहा.

दुसऱ्याच दिवशी फोन आला. शेरवानी उन्हात काळीच होती. फोटोंतही काळीच. आणि फिल्ममध्ये अम्मींचा बुरखासुद्धा तपकिरी दिसत होता! तो निदा कापडाचा बुरखा अम्मींनी उमराहहून येताना आणलेला. त्याला टेलरचाचांचा हातही लागलेला नव्हता. शेजारी उभ्या असलेल्या मामांचे काळे सुती जाकीट मात्र काळेच होते. आंब्याची पानेसुद्धा हिरवीगार दिसण्याऐवजी पिवळट, सुकल्यासारखी दिसत होती.

टेलरचाचा तिथेच सुटले. पण शूटिंगवालाही खोटे बोलत नव्हता. दोष होता त्याच्या लेन्सवर लावलेल्या काळ्या काचेचा, आणि त्या काचेची खोड त्याला माहीत नव्हती. शादीच्या शूटिंगवर आज आपल्या मोहल्ल्यांतली कितीतरी तरुण मुले रोजी कमावतात. म्हणून ही गोष्ट नीट समजावून सांगावीशी वाटते.

या काचेला एनडी फिल्टर म्हणतात. तो म्हणजे कॅमेऱ्याचा गॉगल. रंग न बदलता प्रकाश कमी करणे एवढेच त्याचे काम. व्हिडिओ काढताना सेकंदाला २५ चित्रे घ्यायची असतील तर शटर साधारण १/५० वर ठेवतात, म्हणजे हालचाल डोळ्यांना सहज वाटते. दूल्हा-दुल्हनच्या मागची बाग धूसर दिसावी म्हणून लेन्सचे तोंड एफ २.८ इतके मोठे उघडतात. भर उन्हात असे केले की आयएसओ १०० वर ठेवूनही चित्र पांढरेफटक होते. प्रकाश सुमारे सहा स्टॉप जास्त होतो. एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा करणे. सहा वेळा निम्मा केला की चौसष्टावा हिस्सा उरतो. त्यासाठी १.८ क्रमांकाचा एनडी फिल्टर लावतात. ०.३ म्हणजे एक स्टॉप, ०.६ म्हणजे दोन, ०.९ म्हणजे तीन, असा तो हिशेब आहे.

इथपर्यंत सगळे ठीक. पण सूर्याच्या प्रकाशात आपल्याला दिसतात तेवढेच किरण नसतात. १८०० साली विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले आणि प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवून पाहिला. लाल रंगाच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हते, तिथेही पारा चढला. ते न दिसणारे किरण म्हणजे अवरक्त किरण, इंग्रजीत इन्फ्रारेड. आपला डोळा साधारण ७०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश पाहतो. कॅमेऱ्याचा सिलिकॉनचा सेन्सर मात्र जवळपास ११०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण टिपतो. म्हणून कॅमेरा बनवणारे सेन्सरसमोर अवरक्त किरण अडवणारी एक पातळ काच बसवतात. ती बहुतेक किरण अडवते, पण सगळे नाही. थोडे निसटतातच.

आता साधा हिशेब करू. समजा, सेन्सरवर दिसणारा प्रकाश ६४ भाग पडतो आणि निसटलेले अवरक्त किरण १ भाग. ६४ मध्ये १ मिसळला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. आता १.८ चा फिल्टर लावला. दिसणारा प्रकाश ६४ वरून १ भागावर आला. पण साध्या एनडी फिल्टरची काच अवरक्त किरणांना फारशी अडवत नाही. ते होते तसेच आत गेले. आता प्रमाण झाले एकास एक! दुधात चमचाभर पाणी पडले तर चालून जाते, पण दूधच चमचाभर उरले तर त्यात पाणी किती झाले? तसाच हा प्रकार. कॅमेऱ्यावाले याला अवरक्त प्रदूषण म्हणतात.

फटका काळ्या कपड्यांनाच का बसतो? काळे कापड दिसणारा प्रकाश शोषून घेते, म्हणून ते काळे दिसते. पण पॉलिस्टरसारख्या कृत्रिम धाग्यांवरचे अनेक काळे रंग अवरक्त किरण शोषत नाहीत, परत फेकतात. सेन्सरवर लाल रंग टिपणारे ठिपके हे किरण जास्त पकडतात. त्यामुळे काळ्यात लाली मिसळते आणि कापड तपकिरी किंवा जांभळट होते. सुती कापडावरचा रंग वेगळ्या जातीचा असेल तर ते काळेच राहते. झाडांची हिरवी पानेही अवरक्त किरण भरपूर परत फेकतात, म्हणून बाग पिवळट झाली. आणि मशिदीतला निकाह चांगला का आला? तिथे एलईडीचे दिवे होते. त्यांच्या उजेडात अवरक्त किरण जवळजवळ नसतात, शिवाय आत फिल्टरची गरजही नव्हती.

ही चूक फक्त आपल्या गल्लीतल्या पोरांचीच होते असे समजू नका. २००६ साली लायका या नामवंत जर्मन कंपनीचा एम ८ हा महागडा कॅमेरा बाजारात आला. त्याच्या सेन्सरसमोरची काच इतकी पातळ होती की एनडी फिल्टर न लावताही काळे कृत्रिम कापड जांभळे येऊ लागले. शेवटी कंपनीने ग्राहकांना अवरक्त किरण अडवणारे दोन-दोन फिल्टर मोफत दिले.

हे किरण घरच्या घरी पाहायचे असतील तर टीव्हीचा रिमोट घ्या. त्याचे पुढचे टोक मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. नुसत्या डोळ्यांना काही दिसणार नाही, पण बऱ्याच मोबाइलच्या पडद्यावर जांभळट किंवा पांढरा ठिपका लुकलुकताना दिसेल. मुलांना हा प्रयोग नक्की दाखवा.

आता शूटिंग करणाऱ्या आमच्या तरुण भावांसाठी चार कामाच्या गोष्टी.

पहिली, ऑर्डर घेण्याआधी आपला फिल्टर तपासा. एक काळे सुती कापड, एक जुन्या बुरख्याचा किंवा छत्रीचा काळा तुकडा आणि एक हिरवी कुंडी दुपारच्या उन्हात मांडा. व्हाइट बॅलन्स ५६०० वर पक्का ठेवा. आधी फिल्टरशिवाय, लेन्सचे तोंड लहान करून दहा सेकंद घ्या. मग फिल्टर लावून, तोंड तेवढेच मोठे करून पुन्हा घ्या. उजेड दोन्हीकडे सारखा दिसला पाहिजे. दुसऱ्या वेळी एक काळा तपकिरी झाला तर समजा की काच किरण आत सोडते. ही तपासणी दुकानात एलईडीच्या उजेडात करून उपयोग नाही. तिथे प्रत्येक फिल्टर चांगलाच दिसतो.

दुसरी, गरजेपुरताच फिल्टर लावा. तीन स्टॉपपर्यंत सहसा फारसे बिघडत नाही, त्यापुढे जसजसा गडद होतो तसा दोष वाढतो. दूल्ह्याला झाडाच्या सावलीत उभे केले, आयएसओ कमीत कमी ठेवला, लेन्सचे तोंड थोडे आवळले, तर सहाऐवजी तीन स्टॉपमध्ये काम भागते. फिरवून कमीजास्त होणारा व्हेरिएबल एनडी सोयीचा असतो खरा. पण तो दोन पोलराइजर काचांनी बनतो आणि त्यांची अडवण्याची ताकद अवरक्त किरणांवर चालत नाही. गडद टोकाला नेला की दोष सगळ्यात जास्त.

तिसरी, नवा फिल्टर घ्यायचाच असेल तर आयआर-एनडी घ्या. तो दिसणारा प्रकाश आणि अवरक्त किरण दोन्ही अडवतो. जुना एनडी टाकून द्यायचा नसेल तर त्याच्या पुढे, सगळ्यात बाहेर, हॉट मिरर नावाची काच लावता येते. ती अवरक्त किरण आरशासारखे परत फेकते. मात्र वाइड लेन्सवर तिच्यामुळे चित्राच्या कडा हिरवट-निळसर होऊ शकतात. प्रत्येक कॅमेऱ्याचा सेन्सर वेगळा, म्हणून आपल्या कॅमेऱ्यावर लावून पाहिल्याशिवाय पैसे मोजू नका. दोन कॅमेरे असतील तर दोन्हींवर एकाच जातीचे फिल्टर ठेवा.

चौथी, एडिटिंगमध्ये बघून घेऊ या भरवशावर राहू नका. व्हाइट बॅलन्स बदलून हे जात नाही, कारण एक काळा बिघडलेला असतो आणि शेजारचा ठीक असतो. तेवढाच तपकिरी रंग निवडून उतरवायला गेलात तर चाचांची मेहंदी लावलेली दाढीही फिकी होते.

आणि लहानथोर सगळ्यांसाठी एक इशारा. एनडी फिल्टर डोळ्यांना लावून सूर्याकडे किंवा ग्रहणाकडे कधीही पाहू नका. उजेड कमी झाल्याने डोळ्यांना बरे वाटते, पण न दिसणारे किरण आत जाऊन डोळा भाजतो.

इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकाच्या सुरुवातीला 'किताब अल-मनाझिर' लिहिला. वस्तूकडून येणारा प्रकाश डोळ्यांत शिरतो तेव्हा आपल्याला दिसते, हे त्यांनी प्रयोग करून मांडले. सात भागांच्या त्या ग्रंथाचा तिसरा भाग नजरेच्या चुकांवर आहे. पाहण्याचे शास्त्र लिहिणाऱ्यानेही पाहण्यावर आंधळा विश्वास ठेवला नाही. आपण मात्र व्हिडिओत दिसले की तेच खरे मानतो.

सूरह अल-हुजुरातमध्ये शिकवण आहे की बातमी आली तर आधी शहानिशा करा, नाहीतर नकळत कोणावर अन्याय होईल आणि मग पस्तावाल. बातमी तोंडी असो की पडद्यावरची, शहानिशा करावीच लागते. या घराने शेरवानी आधीच उन्हात नेऊन पाहिली असती तर एका कारागिराची मजुरी दोन आठवडे अडली नसती आणि मोहल्ल्यात त्याच्या नावाला बट्टा लागला नसता.

त्या भगिनींनी नंतर कळवले की भाऊ स्वतः टेलरचाचांच्या दुकानी गेला, राहिलेली शिलाई दिली आणि चार माणसांसमोर माफी मागितली. चाचांनी त्याला बसवून चहा पाजला. शूटिंगवाल्या मुलाने बागेतला भाग जमेल तेवढा सुधारून दिला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. आता तो प्रत्येक ऑर्डरच्या आधी जुन्या बुरख्याचा तुकडा उन्हात धरून फिल्टर तपासतो.

तुमच्या घरातला मुलगा किंवा मुलगी असा काही हुन्नर शिकत असेल आणि कुठे अडत असेल तर आम्हाला जरूर लिहा. इन्शाअल्लाह, पुढच्या अंकात त्यावर बोलू.