टाळ कोणाच्या मालकीचा?

बीड जिल्ह्यात कीर्तनाला तोटा नाही. भगवानगडाचा नारळी सप्ताह ज्या गावाला मिळतो, त्या गावात घरोघरी वर्षभर त्याचीच चर्चा असते. अशा मुलखात एखाद्या ख्रिस्ती मंडळीने रविवारच्या उपासनेत टाळ, मृदंग आणि अभंग आणले, की हरकत दोन्हीकडून येते. मंडळीतले काही ज्येष्ठ म्हणतात, हे सारे आपण मागे सोडून आलो. आता पुन्हा कशाला? बाहेरचे म्हणतात, ही वारकऱ्यांची ठेव; ख्रिस्त्यांनी ती उचलली ती भोळ्या माणसाला गळाला लावायला. एरवी या दोघांचे कशावर पटायचे नाही; पण टाळ एकाच धर्माच्या मालकीचा, यावर त्यांचे एकमत आहे. आमचा वाद या एकमताशी आहे.

ज्येष्ठांची हरकत शास्त्राच्या नावाने येते, तेव्हा शास्त्रच उघडू. स्तोत्रसंहितेतले शेवटचे, १५०वे स्तोत्र देवाच्या स्तवनाला वाद्ये सांगते : शिंग, वीणा, डफ, तंतुवाद्ये आणि झांजा. झांजा एकदा नव्हे, दोनदा सांगितल्या आहेत. विलायती चालीची अट मात्र कुठेच नाही. ती अट आपण मिशनऱ्यांच्या सवयीवरून घेतली आणि तिला शास्त्राचा शिक्का मारला.

खुद्द युरोपात तरी काय घडले? मेनो सिमन्स या कॅथलिक धर्मगुरूने १५३६ साली आपले पद सोडले. त्याच्या नावावरून मेनोनाइट पंथ ओळखला जातो. समजत्या वयातला बाप्तिस्मा आणि शस्त्र न उचलण्याचा नेम यांपायी या पंथीयांनी तुरुंग आणि मरण सोसले. त्याच विचाराच्या, पासाऊच्या किल्ल्यात कोंडलेल्या लोकांनी रचलेली गीते १५६४ साली छापून निघाली. त्या गीतांच्या कित्येक चाली लोकांच्या तोंडी असलेल्या साध्या ऐहिक गाण्यांच्या होत्या. चालीने विश्वास बाटत असता, तर त्यांचा सर्वांत आधी बाटला असता. निजामाच्या राज्यात बीडसारखाच जिल्हा असलेल्या महबूबनगरात हा पंथ पुढे रुजला तो तेलुगूतून. मराठवाड्याने मराठी चालीची लाज का धरावी?

आता बाहेरच्यांची हरकत. कीर्तन हा गळ असेल, तर गळ टाकणारा मासे मोजतो. अभंगांतून ख्रिस्त गाणाऱ्या नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, हे ते उघड सांगत; लपवायचे असते तर पुलाचे नाव कशाला घेतले असते? १९१७ साली मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा ठेवली. मासे मोजणाऱ्याची ही रीत नव्हे. आणि मालकीच काढायची, तर पेटीचे काय करायचे? हार्मोनियमचे पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये निघाले. आज तिच्यावाचून कितीतरी कीर्तने सुरू होत नाहीत. तिला कोणी परकी म्हणत नाही, ते योग्यच आहे; मग तोच न्याय टाळाला लावा.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. चाल एकटी येत नाही, सोबत अर्थही आणते. अभंगाच्या ओघात ख्रिस्ताची शिकवण पातळ होऊन केवळ गोड भक्ती उरेल, ही भीती खोटी नाही. पण तो धोका चारसुरी विलायती गीतालाही तेवढाच आहे. सवयीने गायिलेले शब्द कोणत्याही सुरात पोकळ होतात. यावर उपाय निरूपणाचा, वाद्ये कपाटात घालण्याचा नाही. पूर्वरंगात वचन सोडवले नाही, तर पाळकाची चूक; त्याचे खापर मृदंगावर फोडू नये.

कीर्तन काय साधते, हे उधळ्या पुत्राच्या आख्यानात दिसते. लूकच्या १५व्या अध्यायात धाकटा मुलगा बाप जिवंत असताना वाटणी मागतो. बीडच्या श्रोत्याला इथे टीप लागत नाही. वाटणीने उभा राहिलेला बांध, कोर्टकचेरी, बोलणे तुटलेले भाऊ त्याच्या भावकीतच आहेत. मग बुवा टाळ थांबवून सांगतात की बापाने पोराला लांबूनच पाहिले आणि तो धावत सुटला. गावच्या पाटलाने चारचौघांत पोरासाठी पळत सुटावे, यातला कमीपणा काय असतो, हे त्या श्रोत्याला कळते. इथे क्षमा ही शिकवणीची ओळ राहत नाही. ती भावकीतल्या भांडणाला आव्हान देते. शस्त्र न उचलण्याची शिकवणही बांधाच्या भांडणापासूनच सुरू व्हायला हवी.

शास्त्र लोकांच्या बोलीत आणण्याचा हट्ट या जिल्ह्याला नवा नाही. मराठीत वेदान्त मांडणाऱ्या मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईची. तिथेच दासोपंतांनी लांबलचक पासोडीवर ‘पंचीकरण’ मराठीत लिहून काढले. ते १६१५च्या सुमारास वारले आणि १६१६ साली गोव्यात फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले, तेही ओवीतच. एकाला दुसऱ्याची खबर असण्याचे कारण नव्हते. पण मराठी माणसापर्यंत शास्त्र न्यायचे तर ओवीतूनच न्यावे लागते, हे दोघांनी ओळखले होते.

तेव्हा मंडळीने टाळ वाजवताना ओशाळू नये आणि शेजाऱ्याने तो ऐकताना संशय धरू नये. परीक्षा घ्यायचीच असेल तर वाद्याची नको, गाणाऱ्याची घ्या : रविवारी क्षमेचा अभंग म्हणणारा सोमवारी भावावरचा दावा मागे घेतो का?